वसुमतीचा अर्धा तास

तंजावरच्या मराठी घरांतल्या बायका शिकल्या, बँकेत लागल्या, मास्तरणी झाल्या. पण वसुमतीइतकी हट्टी बाई दुसरी झाली नाही. लहानपणी रीतसर भरतनाट्यम शिकली. बाविसाव्या वर्षी दागिने, गजरे, गोष्ट सांगणारे हावभाव सगळं बाजूला ठेवलं आणि सुती कपड्यांत नुसत्या आलापावर नाच बसवू लागली. शब्द नाहीत, कथा नाही. तोडीचा सूर वळेल तसं अंग वळायचं. सोयरे म्हणाले, "हा नाच की कवायत?" ही म्हणाली, "नाच नको तर डोळे मिटा, गाणं तरी ऐका!"

चेन्नईत नाव झालं, परदेशात झालं. गाण्यानाचाचे कार्यक्रम ठेवणाऱ्या घरच्या गावच्या सभेनं मात्र तीस वर्षं दार उघडलं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काय उगाच?

यंदा सभेचे चिटणीस सुब्रमण्यम कसेबसे तयार झाले. आधी तिचा थोरला भाऊ कृष्णाजी याचं गाणं, मग शेवटचा अर्धा तास त्याच्याच आलापावर वसुमतीचा नाच. पुढच्या महिन्यात तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया होती. नंतर शिकवा, पण नाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे आपल्या गावापुढे नाचायची ही पहिली वेळ, आणि शेवटचीही.

कृष्णाजी माणूस गुणी, पण पुढच्या रांगेतून 'भले!' आलं की त्याला घड्याळ दिसत नाही. एक राग संपला, दुसरा लांबला. वसुमती गुडघ्यांना पट्ट्या बांधून, तिच्याकडे शिकणाऱ्या सहा मुलींसह पडद्याआड उभी. शेवटी सुब्रमण्यम मंचाच्या कडेला आले आणि मनगटावर बोट आपटलं. कृष्णाजीनं बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ मंगळम सुरू केलं.

मंगळम म्हणजे मैफलीची सांगता. ते चालू असताना असाल तिथे हात जोडून उभं राहायचं, आणि ते झालं की त्या मंचावर पुढे काही म्हणून करायचं नाही.

मुली वसुमतीकडे बघत होत्या. तिनं एक खूण केली असती तर त्या मंगळमवरच नाचत मंचावर आल्या असत्या. कोण अडवणार होतं? पण तीस वर्षं रीतीभाती पायदळी तुडवणाऱ्या या बाईचे हात जोडलेले, डोळे मिटलेले! लहानपणी आईनं लावलेली मेली सवय. डोळे उघडले तेव्हा पडदा पडत होता.

बाहेर लोक चपला शोधत होते. एक नाच राहिलाय, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

कृष्णाजी आत आला. "वेळ संपली म्हणाले गं. मी काय करू?"

"तुझा राग आहेच, अण्णा. मरेपर्यंत राहील," वसुमती म्हणाली. "पण तुझ्या मंगळमला मीही हात जोडले. आता कुणी अडवलं म्हणून सांगू?"