प्लायवूडपलीकडचं वाक्य

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण – कारण आता मला ते न अडखळता म्हणता येईल असं वाटतं.

मी पावसच्या बाजूचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. बाबा दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखणीला असतात. मी रत्नागिरीत कॉम्प्युटर शिकतो आणि पहिल्या वर्षापासून मांडवीला मुमताजचाचींकडे भाड्याने राहतो. चाचींचे मिस्टर आखातात बोटीवर. घरात त्या एकट्याच. त्यांच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये फक्त प्लायवूड.

तेव्हा जिकडेतिकडे एकच चर्चा – सरकार लोकांच्या फोनमध्ये शिरणारं सॉफ्टवेअर वापरतं म्हणे. मला त्याचा राग यायचा, अगदी खरा राग. म्हणून कॉलेजच्या गॅदरिंगसाठी मी एक चेष्टेचं वेबपेज बनवलं. आपला मोबाईल नंबर टाकायचा, की 'सरकारी श्रवण खातं' आपल्या घरात काय ऐकलं ते सांगणार. 'आमटीत मीठ जास्त. कटाचा संशय.' 'जावई पुन्हा आले. सासऱ्यांचा सुस्कारा नोंदवला.' वाक्यं मीच लिहिलेली, कुणालाही कुठलंही यायचं. पोरं हसून लोळली. मला हॅकर म्हणायला लागली. बाबांनी बागेत सगळ्यांना सांगितलं, आमचा मुलगा हॅकर झाला. हॅकर म्हणजे काय, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

इथवर माझं काही चुकलं नाही. विनोद चांगला होता, आजही म्हणतो.

चाचींच्या कानावर गेलं. "मेल्या, माझा पण नंबर टाक की! बघू तरी, सरकार माझं काय ऐकतं."

"उद्या दाखवतो," मी म्हटलं.

उद्या का? तेव्हाच टाकला असता तर आमटी आली असती, त्या हसल्या असत्या. पण मला त्यांना थक्क करायचं होतं. आणि माझ्याकडे एक वाक्य होतं – प्लायवूडमधून आलेलं. चाची रोज संध्याकाळी मिस्टरांना आवाजाचे मेसेज पाठवायच्या. सुरुवातीला ते नुसतं कानावर पडायचं. मग – मग मी पंखा बंद करून ऐकायला लागलो. त्या रात्री ते वाक्य मी चाचींच्या नंबराला जोडून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हौसेने नंबर सांगितला. स्क्रीनवर आलं: 'नवऱ्याचा सदरा अजून धुतलेला नाही. वास जाईल म्हणून. तपास चालू.'

चाची हसल्या नाहीत. ओढणी सावरली आणि हळूच विचारलं, "हे... हे त्या लोकांना कसं कळलं रे?"

मी ऐकलं, चाची. एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर खोली गेली असती. एकट्या बाईच्या भिंतीला कान लावणारा म्हणून नाव झालं असतं, ते बाबांपर्यंत पोचलं असतं. मी म्हणालो, "सरकारला सगळं कळतं, चाची." आणि हसलो.

त्यांनी मिस्टरांचे साठवलेले सगळे मेसेज तिथल्या तिथे पुसले. कसे पुसायचे ते त्यांना येत नव्हतं. मी शिकवलं.

त्यानंतर आवाजाचे मेसेज बंदच झाले. नुसता फोन, तोही थोडक्यात. गॅस आला, तब्येत बरी आहे, ठेवते. बांगडे तळले की चाची अजूनही मला ताटली पाठवतात. मी अजूनही खातो.

एका संध्याकाळी स्पीकरवर मिस्टरांचा आवाज आला, "मुमताज, माझं काय चुकलं काय?"

"नाय हो," चाची म्हणाल्या. "इथे सगळं ठीक आहे."

सरकारने त्या घरातलं कधी काही ऐकलं का, मला माहीत नाही. मी ऐकलं होतं. तो प्रश्नही ऐकला – आणि उठून पंखा लावला.