मोहफुलांचा वास

गावाहून भावाने पाठवलेली मोहफुलांची पिशवी आज उघडली आणि त्या वासाने माझी मान खाली गेली.

पंधरा वर्षांपूर्वी हडपसरच्या आमच्या आयटी ऑफिसच्या पार्टीत मॅनेजरने लाकडी पिंपात मुरवलेली काळी, दाट स्टाउट बिअर परदेशातून आणली होती. एकेक घोट घेऊन सगळे "व्हॅनिला", "ओक" म्हणत होते.

"आमच्याकडे मोहफुलं वाळतात ना, तसाच वास येऊन राहिला," माझ्या टीममधला सुधाकर म्हणाला.

मलाही अगदी तेच वाटलं होतं. तरी मीच ओरडलो, "अरे, ही गावठी नव्हे! गडचिरोलीतून बाहेर ये."

सगळे हसले. मी त्याच्या शेजारच्याच गावचा, हे तिथे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "असन बा," म्हणाला, "मले काय समजते!"