ड्रमवरचं वाकडं चिन्ह

घरी पाहुणे जमले आणि जेवणं आटोपली की आमची बायको हमखास म्हणते, "यांच्या बँडचं ऐकलंय का तुम्ही?" मग मी नको नको म्हणत सतरंजीवर मांडी ठोकतो, कारण मला सांगायचं असतंच. पण दरवेळी मी अर्धंच सांगतो. गिटारीला चारच तारा होत्या, ड्रमला एसटीत बसायला जागा मिळाली आणि मला नाही, इथवर आलं की सगळे हसतात, सुपारी फिरते आणि विषय बदलतो. उरलेलं अर्धं आज लिहून टाकतो. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं, हे बरं असतं.

नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून कधी एसटी बंद, कधी कॉलेज बंद. आम्ही गंगाखेडला राहायचो आणि मी बारावीत होतो. त्या वर्षी माझा आतेभाऊ पुण्याहून आमच्याकडं राहायला आला. तिकडं तो दोनदा नापास झाला होता. गंगाखेडला लक्ष विचलित करणारं काही नसतं, असा आत्याचा समज होता. येताना त्यानं दोन पँटी आणि बारा कॅसेट आणल्या.

त्या कॅसेट दुकानात मिळायच्या नाहीत. कुणीतरी कुणाकडून भरून घेतलेल्या, त्यावरून आणखी कुणी भरलेल्या. कव्हर म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. परदेशातली पोरं तळघरात, लपूनछपून हे वाजवतात, रेडिओ त्यांना लावत नाही, असं आतेभाऊ सांगायचा, आणि त्यातच सगळी मजा होती. ऐकायला ते जिनिंगच्या मशीनचा पट्टा तुटल्यासारखं वाजायचं. पहिल्यांदा लावलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून आली, टेप बंद केला, हेड बिघडलं म्हणून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं आणि परत लावून बघितलं. मग म्हणाली, "न्हाई, बाई. हे गाणंच असं हाय."

आमचा बँड तिघांचा. आतेभाऊ गायचा, म्हणजे ओरडायचा. मी गिटार. तिसरा माझा दोस्त, पाचवीपासून एकाच बाकावरचा. त्याचे वडील आमचे पाचवीचे गुरुजी. तो बाकावर दोन बोटांनी असं वाजवायचा की शिकवणारे मास्तरही वाक्य ठेक्यात संपवायचे. खरं सांगायचं तर बँड तोच होता, आम्ही दोघं त्याच्या आजूबाजूला आवाज करायचो. सोनपेठच्या एका लग्नाच्या बँडवाल्याकडून आम्ही जुना मोठा ड्रम आणला आणि चुलत्याच्या सरकीच्या गोदामात रोज संध्याकाळी बसायला लागलो. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही वाजवणार, हे ठरलेलं होतं.

ड्रमवर चित्र पाहिजे, असं आतेभावाचं म्हणणं. एका कॅसेटच्या कव्हरवर पंख पसरलेला गरुड होता, त्याच्या पायात गोल आणि गोलात तिरपं, काळं स्वस्तिक. ते कव्हर आणि ड्रम घेऊन मीच पेंटरकडं गेलो. हे पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि पोळ्याला बैलांची शिंगं. दोन दिवसांनी ड्रम बघितला तर गरुडाला मुकुट, गळ्यात मोत्याची माळ, आणि पायातलं स्वस्तिक सरळ, लालभडक, त्यात चार ठिपके.

"पेंटर, हे असं नव्हतं."

"ते तिरपं पडलं होतं, भाऊ. छापणाऱ्याचा हात हालला असंल. मी सरळ करून दिलं."

"आणि माळ?"

"मोकळा गळा बरा दिसंना. खाली 'श्री' लिहू का?"

मी त्यांना चांगलं अर्धा तास समजावलं. लाल नको, काळं. ठिपके नकोत. आणि वाकडंच काढा, जसं आहे तसंच. पेंटरनी ब्रश कानामागं खोचला. "लोकं मला हसतील," म्हणाले, "पण वाजवणार तुमी." आणि त्यांनी वाकडं काढून दिलं.

मला ते काय आहे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. शाळेत इतिहासाला त्यावर पाच मार्कांचा प्रश्न होता. मी तो ऑप्शनला टाकला होता.

मग दंडाला बांधायच्या फिती आल्या. आईनं लाल कापडाच्या तीन फिती मशीनवर शिवल्या, मध्ये पांढरा गोल लावून दिला. गॅदरिंगमध्ये पाणी वाटणाऱ्या पोरांना फिती असतात, तसलं काही असेल असं तिला वाटलं. आतेभाऊ मशीनशेजारी बसून तिला सांगायचा, "मामी, तिकडं एक माणूस हाक मारायचा आणि लाख लोक एका वेळी उठून उभे राहायचे. याला म्हणतात शिस्त."

"आपल्या घरात चार हाका मारल्या तरी कुणी जेवायला उठत न्हाई," आई म्हणाली. "त्या माणसाला म्हणावं, इकडं ये."

आतेभावाकडं नुसत्या कॅसेट नव्हत्या, बोलणंही होतं. जग ताकदवानांचं असतं, दुबळ्यांनी सगळं सडवलंय, एकदा सगळं झाडून काढलं पाहिजे. मी चष्मेवाला, सायकल चालवताना धाप लागणारा. झाडायला सुरुवात झाली असती तर पहिल्या सुपात मीच गेलो असतो. पण हा हिशेब मला सुचला नाही, आणि मी त्याला गाणं लिहून दिलं. गाव झाडून काढू, कचरा सारा पेटवू, असं त्याचं धृपद होतं. पुढं 'रक्त' शब्दाला वजनदार जोड पाहिजे होती म्हणून मी 'शुद्ध'सुद्धा घातलं. गोदामात दोस्तानं त्याला असा ठेका दिला की सरकीच्या पोत्यांवरची धूळ उडाली. तिघांनी मिळून ते गाणं पंचवीसदा म्हटलं असेल.

कापसाचा हंगाम आला तसं गोदाम भरलं, आणि ड्रम दोस्त आपल्या घरी घेऊन गेला. त्यानंतर दोन दिवस तो कॉलेजला आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो.

ड्रम खोलीच्या कोपऱ्यात होता, तोंड भिंतीकडं करून, शिक्षा केलेल्या पोरासारखा. दोस्त खाटेवर बसला होता. त्याच्या आईनं मला कपबशीत चहा दिला. घरातली एकुलती नक्षीची कपबशी असावी ती. आमच्या घरी दोस्ताचा कप वेगळा असायचा, कान तुटलेला, खिडकीत पालथा ठेवलेला. तो कप मी पाचवीपासून बघत होतो आणि त्याच्याबद्दल कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी मी नक्षीच्या कपाचा अख्खा कान चाचपत बसलो.

गुरुजींनी ड्रम वळवला. पाचवीत प्रश्न विचारायचे त्याच आवाजात विचारलं, "हे काय आहे?"

"डिझाईन," मी म्हणालो.

"कुणाचं?"

ऑप्शनला टाकलेला प्रश्न शेवटी तोंडी आला होता.

"ज्यांनी हे दंडावर बांधलं," गुरुजी म्हणाले, "त्यांनी दुसऱ्या लोकांना वेगळी खूण लावायला लावली. कुणाला न्यायचं ते लांबून कळावं म्हणून. आणि त्या सगळ्यापुढं बँड असायचा. चांगला वाजवायचे, म्हणतात."

मग ते जरा वेळ ड्रमच्या कडेवरून बोट फिरवत बसले.

"अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत, आमी खेड्यावर राहायचो. हा लहान होता. दिवस मावळायच्या आत लोक येणार असं कळलं, तसे आमी उसात जाऊन बसलो. मला वाटलं, ओरडत येतील. तर ते गाणं म्हणत आले. टाळ होते, चाल होती. चाल हरिनाम सप्ताहातली, मला तोंडपाठ. शब्द तेवढे नवे होते, आमच्यावर केलेले. आमचं घर पेटलेलं मला दिसायलंय, आणि उसात बसल्या बसल्या माझ्या पायाचा अंगठा ठेका धरायलाय. मी हातानं दाबून धरला, तवा थांबला."

दोस्तानं ही गोष्ट आधी ऐकली नसावी. तो वडिलांच्या पायाकडं बघत होता.

"तुझं गाणं यानं म्हणून दाखवलं," गुरुजी मला म्हणाले. "चाल चांगली आहे."

ते मला रागावले असते तर फार बरं झालं असतं.

दारापर्यंत दोस्त सोडायला आला. "मी वाजवणार न्हाई," म्हणाला.

"माझ्यावर चिडलास?"

"ते अजून ठरलं न्हाई. पण वाजवणार न्हाई."

घरी येऊन मी आतेभावाला सांगितलं. मला वाटलं होतं तो थोडा तरी वरमेल. तो आरशात बघून भांग पाडत होता. "मग दुसरा बघू. त्यांच्यातल्याला घेतलंस तेव्हाच मी बोलणार होतो." मग कंगवा खाली ठेवून हसला. "कचरा म्हणजे कोण, असं तुला वाटलं होतं? उकिरडा?"

इथं मी त्याच्या कानफटात मारली असती तर ही गोष्ट पाहुण्यांना सांगता आली असती. मी फक्त म्हणालो, "ड्रम माझा आणि त्याचा आहे. तो तुला मिळणार नाही." तेही म्हणताना आवाज चिरकला. आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं, कारण संध्याकाळी ती फितींची शिवण उसवत बसली. "आधी सांगायचं होतं," एवढंच म्हणाली. "पांढरा दोरा वाया गेला." खिडकीतला तुटक्या कानाचा कप दुसऱ्या दिवशी तिथं नव्हता. त्याबद्दल आम्ही मायलेकांनी कधी शब्द काढला नाही.

मी गुरुजींच्या घरून ड्रम उचलला आणि पेंटरकडं नेला. "मी म्हणलं नव्हतं का, वाकडं हाय," पेंटर म्हणाले. रॉकेलच्या फडक्यानं घासून घासून आम्ही दोघांनी ते काढलं. गरुड गेला, गोल गेला. पण दोनदा रंगवून आणि रॉकेलनं घासून कातडं मेलं होतं. टिपरू मारलं की पोतं टाकल्यासारखा आवाज यायचा. तसलाच ड्रम मी सायकलच्या कॅरिअरवर बांधून दोस्ताच्या दारात नेऊन ठेवला. त्यानं एकदा टिचकी मारून बघितली. "गेला," म्हणाला. पण आत घेतला.

गॅदरिंगला आतेभावानं लग्नातला एक वाजवणारा भाड्यानं आणला. मी स्टेजवर नव्हतो. गाणं मात्र होतं. शब्द मी दिलेले, त्याच्या वहीत लिहिलेले, ते काही मला उसवून घेता येत नव्हते. मी मागच्या रांगेत बसलो होतो. दोस्त उशिरा आला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. स्टेजवर दंडाला काळी फीत बांधून आतेभाऊ उभा राहिला, पहिली ओळ म्हणाला, आणि हॉलमधल्या पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. अर्थ कुणी ऐकत नव्हतं. चाल खरंच चांगली होती. 'कचरा सारा पेटवू' आलं तेव्हा पुढच्या दोन रांगा उभ्या राहिल्या होत्या.

माझा पाय ठेका धरतोय, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोस्ताच्या आलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, स्टेजकडंच बघत राहिला, आणि आपला स्लीपरातला पाय उचलून माझ्या पायावर ठेवला. ठेवला तो गाणं संपेपर्यंत काढला नाही.