बावीस जणांना एकच गोळी

झुंबरबाई दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या दुकानात यायची, हातात एक कागद घेऊन. धुळ्यात माझं औषधांचं दुकान आणि ती दोंडाईचा रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात आया. शिंदखेड्याकडची विधवा बाई, सहीपुरती शिकलेली. पण कोणाच्या पायाला सूज आली, कोण जेवला नाही, हे डॉक्टरच्या आधी तिला कळायचं.

कागदावर म्हाताऱ्यांची नावं आणि त्यांपुढे औषधं असायची. अठ्ठ्याऐंशी साली डोकं शांत करायच्या गोळ्या चौघांना होत्या. पुढच्या वर्षी अकरा जणांना. नव्वदच्या दिवाळीपर्यंत आश्रमातल्या बावीसच्या बावीस माणसांपुढे तीच गोळी, तेवढीच, रोज संध्याकाळी. ती गोळी भ्रम झालेल्या, अंगावर धावून येणाऱ्या मनोरुग्णांची. बावीस म्हातारे वेडे झाले, आणि तेही सगळे सारख्याच मापाने? मी आश्रमाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “रुपचंद, तुम्ही दुकान सांभाळा. म्हातारी माणसं आहेत, झोपू द्या त्यांना.” आणि मी शिकलासवरलेला गाढव, दुकान सांभाळत बसलो.

खरं कारण झुंबरबाईने सांगितलं. आश्रमातली सगळी माणसं शेतातली. पहाटे चारला उठून बैलांना चारा टाकण्यात जन्म गेलेला. इथेही चारलाच उठायची, खाकरायची, तंबाखू मळायची, बायका गाणी म्हणायच्या. पुना आबा तर अंगणात जाऊन सवयीने बैलांना हाक मारायचे आणि मग स्वतःच हसायचे. व्यवस्थापकसाहेबांचं बिऱ्हाड भिंतीपलीकडे. साहेबांची झोपमोड व्हायची. झाला रोग! पहिल्या चौघांत आबांचं नाव लागलं.

“चार वाजता उठस तो येडा, भाऊ?” झुंबरबाई काउंटरवर हात आपटून म्हणाली. “मंग मना बठ्ठा गाव येडा शे!”

आबांना मुलगा नव्हता. एकुलती लेक प्रमिला, एदलाबादला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातली लेक माहेरी येते. हिचं माहेर म्हणजे आश्रमातली एक खाट. एकोणनव्वदच्या आखाजीला ती नवऱ्यासह आली, वडिलांना घरी न्यायला. आबा लाळ गाळत पडलेले, दिवसभर हाका मारूनही डोळे उघडेनात. जावई म्हणाला, माणूस ओळखत असता तर नेलं असतं. पुढच्या आखाजीला ती एकटी आली आणि तेच बघून परत गेली.

एक्याण्णवला तिने झुंबरबाईला पत्र धाडलं. ते मीच वाचून दाखवलं. आबांनी ओळखलं तर यंदा घेऊन जाईन, नाहीतर पुन्हा येणार नाही, मला बघवत नाही, असं लिहिलं होतं.

“गोळी बंद करू का?” झुंबरबाईने विचारलं.

“एकदम नको. आधी अर्धी करा, काही आठवड्यांनी पाव. आणि रोज मला त्यांची तब्येत कळवत जा.” डॉक्टरांना डावलून असं सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं. पण त्या कामाचीच मला लाज वाटायला लागली होती.

आखाजीला मी मुद्दाम आश्रमात गेलो. सणाचा दिवस, दहा वाजलेले, आणि बाकीचे एकवीस जण ओळीने घोरत पडलेले. आबा मात्र आंघोळ करून, टोपी घालून खाटेवर ताठ बसले होते. हात थोडे कापत होते. पहाटे अंगणातून बैलांना हाक गेली आणि साहेबांना सगळं कळलं होतं. ते झुंबरबाईवर ओरडत होते, “शिस्त मोडलीस आश्रमाची! आत्ताच्या आत्ता चालती हो!”

“जासू ना, साहेब. त्यासनी लेक ई जाऊ द्या, मंग जासू,” ती म्हणाली, आणि आबांची उशी सारखी करू लागली.

अकराच्या सुमारास प्रमिला आली. दारातच थबकली. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि रुसलेल्या पोरासारखं तोंड केलं.

“दोन वरीस आखाजीले कसाले नही उनी वं, बेटा? मी किती वाट देखी!”

ती दोन्ही वर्षं आली होती. याच खाटेच्या उशाशी दिवसभर बसली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडून सांगावंसं वाटलं, आबा, तुमची लेक आली होती हो, तुम्हाला या लोकांनी झोपवून ठेवलं होतं आणि त्या गोळ्या मी माझ्या हाताने दिल्या होत्या.

प्रमिलाने एकदा झुंबरबाईकडे पाहिलं. मग पदराने डोळे पुसून ती वडिलांच्या पाया पडली.

“चुकनं मनं, आबा,” ती म्हणाली. “येवाले जमनं नही. आते मना घर चाला.”