मांडव डाव्या अंगाला

ती खुंटी आणखी दोन बोटं खाली लागली असती, तर प्रज्ञाचा डावा डोळा गेला असता. वर्ष होत आलं तरी हा विचार उज्ज्वलाच्या मनातून हलत नव्हता. शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिताना, घरी भाकरी थापताना मध्येच तिला लेकीच्या भुवईवरची पांढरट रेघ दिसायची. पाच टाके पडले होते. आणि कुणी विचारलं की प्रज्ञा हसून सांगायची, "मांडव उडाला, जाताना मला आहेर देऊन गेला."

वारूळवाडीतल्या या मुलीने शेतकीची पदवी घेतली, तीन वर्षं बियाणं कंपनीसाठी गावोगाव फिरली आणि एक दिवस जुनी फोर बाय फोर जीप घेऊन दारात उभी राहिली. टपावर तंबू, मागे डाव्या खिडकीखाली शेगडीची फळी, पाण्याचे कॅन. बायकांचे गट घेऊन ती आंबेगावच्या पश्चिमेला, आहुप्याच्या बाजूच्या सड्यांवर, त्या उघड्या कातळपठारांवर, मुक्कामाला जाऊ लागली. चाक बदलणं, चिखलातून गाडी काढणं, सगळं स्वतः. "पोरगी डायवर झाली म्हणं?" असं भावकीत कुणी कुजकं बोललं की उज्ज्वला म्हणायची, "डायवर नाही, मालक." आतून मात्र तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

गेल्या मे महिन्यात प्रज्ञाने मंडपवाल्या काकांकडची ताडपत्री जीपला बांधली होती. संध्याकाळी वळवाचा वारा सुटला, खुंटी उपसली गेली आणि दोरीसकट तिच्या कपाळावर आली. सड्याजवळच्या वाडीतल्या कुशाबाईंनी जखमेवर हळद दाबून धरली आणि वर खडसावलंही, "बाई, सड्यावर आमी गुरंबी खुंट्याला नाय बांधत. वीतभर माती नाय, खाली कातळ. खुंटा धरंल व्हय?"

त्या एका वाक्यावर प्रज्ञाने पुढचे सहा महिने घालवले. तिला हवं होतं ते ऑनिंग, म्हणजे गाडीचा घडीचा मांडव, टपाच्या कडेला लांब पिशवीत दुमडलेलं असतं. चेन उघडायची, बाह्या फिरवायच्या, की पंख्यासारखं पसरत ते गाडीच्या बाजूपासून मागच्या दारापलीकडे वळसा घालतं. पण त्यातही प्रकार. हलकं घ्यावं तर पाइप आणि खुंट्या आल्याच. खुंट्यांशिवाय उभं राहणारं घ्यावं तर ते जड, टपाचं कॅरिअर मजबूत पाहिजे. शिवाय ते डाव्या अंगाला उघडणारं हवं. घाटात गाडी डावीकडे घेऊन थांबायचं; मांडव उजवीकडे उघडला तर माणसं रस्त्यावर बसणार. आणि शेगडी डावीकडे. वहीभर मापं काढून ती आईला घेऊन पुण्याच्या दुकानात गेली.

दुकानदार उज्ज्वलाकडे बघून म्हणाला, "मॅडम, हे जड मॉडेल आहे. उघडायला कुणी जेंट्स असतील ना सोबत?"

"गाडी चालवायलाही नसतात," प्रज्ञा म्हणाली आणि स्टुलावर चढली. एकटीने उघडलं, एकटीने मिटलं. असं तीनदा. मग डाव्या बाजूचं, विनाखुंट्यांचं जड मॉडेल तिने नोंदवलं.

इथवर सगळं नीट होतं. बिघडवलं ते उज्ज्वलाच्या काळजीने. एवढं वजन टपावर पेलेल ना, या विचाराने तिने निमगाव सावाला दिराला फोन केला. राकेशचा तिथे मंडपाचा धंदा, वेल्डिंगही तो स्वतः करायचा. "राकेशभाऊ, कॅरिअर तेवढं बघून द्या," म्हणून तिने जीप त्याच्या शेडात पाठवली आणि वजन विचारायला दुकानाचा नंबरही दिला. प्रज्ञाचे वडील पोपट गेले तेव्हा ती नववीत होती. त्यानंतर घरातल्या प्रत्येक अडचणीला राकेश धावून आला होता, आणि प्रत्येक वेळी निर्णयही त्यानेच घेतला होता.

बुधवारी तो जीप परत घेऊन आला. हॉर्न वाजवत.

"जयभीम वहिनी! बाहेर या, बघा तरी काय केलंय!"

जीपच्या उजव्या बाजूला जाड पाइप वेल्डिंग करून पक्के बसवलेले होते. त्याने दोरी सोडली आणि पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचं कापड खाली आलं. झालरीसकट. त्यावर लाल अक्षरांत 'राकेश मंडप, निमगाव सावा', खाली मोबाइल नंबर.

"चार पाइप, आठ खुंट्या. दीड-दीड फुटी! हत्तीनं वढल्या तरी निघायच्या न्हाईत."

"उजव्या अंगाला का लावलं, भाऊ?"

"शेडात गाडी तशीच उभी व्हती. वेल्डिंगची केबल तिथवरच पुरती."

उज्ज्वला गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेली. "आणि दुकानातलं?"

"त्याला फोन करून सांगून टाकलं, नको म्हणून. घरचा मंडप आसताना परक्याच्या दारात कशाला जायाचं?"

"त्यानं ऐकलं?"

"न ऐकून सांगतो कुणाला? म्हणलं, मी पोरीचा चुलता हाय."

उज्ज्वलाने प्रज्ञाकडे पाहिलं. दुकानदाराला एका वाक्यात गप्प करणारी, आरटीओत साहेबाशी भांडणारी ही मुलगी खाली मान घालून झालर चाचपत होती. "छान झालंय, काका," ती म्हणाली. चहा पिऊन राकेश गेला.

"छान झालंय?" उज्ज्वला कडाडली. "वहीभर मापं काढलीस, आणि छान झालंय?"

"मग काय बोलू? माझी फी त्यांनी भरलीये. एवढी एक ट्रिप जाऊ दे. शनिवारी सहा बायका येतायत, खुंट्यांऐवजी दगड ठेवीन."

"आणि वारा सुटला तर? या वेळी कुणाच्या कपाळात? इतकी शिकलीस आणि तोंड उघडता येत नाही?"

"तुला येतं?" प्रज्ञाही तडकली. "जीप घेतली तेव्हा काका चिडले, त्यांच्यापुढं तू बोललीस? नंबर तूच दिलास ना, आई? दुकानाला मी मघाशीच मेसेज केलाय. माझं ऑनिंग अजून त्यांच्याकडे आहे, शुक्रवारपर्यंत बसवून देतो म्हणाले. पण त्याआधी हे पाइप कापायला लागतील. काकांना ते कोण सांगणार?"

प्रज्ञा टपावर चढली. झालर गुंडाळून बांधायला लागली. ऊन तिच्या कपाळावर होतं आणि भुवईवरची रेघ अंगणातूनही स्पष्ट दिसत होती. उज्ज्वलाला राकेशचा राग आला होता, दुकानदाराचा आला होता, लेकीचाही. पण सगळ्यांत जास्त राग येत होता तो त्या बाईचा, जिने वर्षभर काळजी केली आणि शेवटी लेकीची गाडी नेऊन दुसऱ्याच्या शेडात उभी केली. चौदा वर्षं ती 'होय भाऊ, होय भाऊ' म्हणत आली होती; मान खाली घालायला प्रज्ञा दुसऱ्या कुणाकडून शिकली नव्हती.

तिने हात पदराला पुसले आणि मोबाइल काढला. राकेश वाईट माणूस नाही, त्याला लागेल, कदाचित पुढच्या कार्याला तो येणारही नाही. नाही आला तर नाही. 'भाऊ, उद्या सकाळी ग्राइंडर घेऊन या, तुमचे पाइप कापायचे आहेत.' एवढंच सांगायचं. मागेपुढे 'माफ करा' लावायचं नाही, प्रज्ञाचं नाव घ्यायचं नाही.

"आई, कुणाला लावतेस?" टपावरून प्रज्ञाने विचारलं.

"ज्याला आधी लावला होता त्यालाच," उज्ज्वला म्हणाली आणि तिने नंबर दाबला.