हजेरीतली गिटार

चैत्र संपत आला होता आणि परीक्षा तोंडावर होती. हॉस्टेलच्या शिपायाने येऊन सांगितलं, घरून फोन आहे. रेक्टरच्या खोलीत गेलो. पलीकडे वडील होते. वडील फोनवर नेहमी ओरडून बोलतात, जणू पिंपळवंडीहून जुन्नरपर्यंत आवाज त्यांनाच पोचवायचाय. त्या दिवशी मात्र हळू बोलले. "पोपट गेला रं..." म्हणाले. पोपट म्हणजे माझे धाकटे चुलते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. ते तमाशाच्या फडात गिटार वाजवायचे. मंचरच्या पलीकडच्या एका गावची यात्रा आटोपून फडाचा ट्रक परत येत होता. नाना कपड्यांच्या पेट्यांना टेकून बसले होते. सगळ्यांना वाटलं, झोपलेत. नारायणगावला ट्रक थांबला, बाकीचे उतरले, नाना उठले नाहीत.

त्याच्या दोनच दिवस आधी ते मला नारायणगावच्या स्टँडवर भेटले होते. मी पुस्तकं घेऊन हॉस्टेलला परत निघालो होतो. त्यांनी त्या मंचरपलीकडच्या गावी यात्रेतल्या सकाळच्या हजेरीला यायचा आग्रह केला. "सकाळच्या गाडीनं ये, दुपारच्या गाडीनं जा. पेपर काय पळून चाललाय व्हय? एक नवी चाल बसलीये, ऐक तरी." मी म्हटलं, "नाना, परीक्षा झाली की नक्की येतो." ते हसले. "तुझी परीक्षा व्हईस्तोवर ही यात्रा संपंल की राव." एवढं म्हणून त्यांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली. ती चाल मी ऐकली नाही. कुणाला विचारलं तर सांगताही येत नाही कोणालाच. हे लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं, म्हणून आधी तेच लिहिलं.

तमाशात गिटार कशाला, असं पुण्याकडच्या वाचकांना वाटेल. मोठ्या फडांमध्ये गण-गवळण झाली की वगाच्या आधी रंगबाजी असते. तिच्यात लावण्या असतात आणि सिनेमातली गाणीही. त्यासाठी ड्रम, कॅसिओ, गिटार असा सगळा सरंजाम आता फडात आलाय. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे यात्रेत रात्री तमाशा झाला की तो तिथेच संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फडातले कलावंत देवळापुढे हजेरी देतात. तिथे रंगमंच नसतो, जनरेटर नसतो, भडक दिवे नसतात. ढोलकी, पेटी, देवळातल्या विजेवर एखादा माइक. गावकरी मांडी घालून बसतात, गाणं आवडलं की बक्षीस देतात, नारळ-टॉवेल देऊन मान करतात, आणि माइकवरून देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. रात्री भोंग्यांच्या आणि ड्रमच्या दणक्यात नानांची गिटार कुणालाच ऐकू यायची नाही. ती ऐकू यायची ती फक्त हजेरीला. त्यांच्या अख्ख्या वादनाला महाराष्ट्रात मिळालेली जागा म्हणजे यात्रेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, एवढीच.

गिटार त्यांच्याकडे आली ती खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे. नव्वदच्या आसपास तिथे मोठमोठ्या तबकड्या उभ्या राहत होत्या आणि नाना कामावरच्या साहेबांसाठी जीप चालवायचे. त्यातले एक दक्षिणेकडचे इंजिनिअर जीपमध्ये सतत इंग्रजी रॉकच्या कॅसेट लावायचे. नानांना शब्द एक कळत नसे. पण कॅसेट संपली की ते साहेबांना म्हणायचे, "साहेब, त्यो मधला माणूस पुन्हा लावा." मधला माणूस म्हणजे गाणाऱ्याच्या मागे वाजवणारा गिटारवाला. साहेबांच्या खोलीवर त्यांची स्वतःची एक इलेक्ट्रिक गिटार होती. संध्याकाळी ते थोडंफार दाखवायचे. बदली झाली तेव्हा ती गिटार आणि एक छोटा ॲम्प ते नानांकडे ठेवून गेले. सोबत तार छेडायची प्लास्टिकची त्रिकोणी पत्तीही दिली होती. नानांनी ती चार दिवस वापरली आणि बाजूला टाकली. "हिच्यानं तार बोलत न्हाई, वराडती," असं त्यांचं म्हणणं.

मग ते बोटांनीच वाजवायला लागले. अंगठा जाड तारांवर चालता ठेवायचा आणि दोन बोटांनी वरच्या बारीक तारांवर चाल काढायची. डोळे मिटून ऐकलं तर दोघं वाजवतायत असं वाटे. घरी म्हशी होत्या, धारा तेच काढायचे, आणि गिटारवरसुद्धा त्यांचा हात तसाच चालायचा, ओढून सोडायचा, मनगट हलायचं नाही. नख लागू द्यायचे नाहीत, बोटाच्या मांसल भागाने तार ओढायचे. त्यामुळे सूर गोल यायचा, त्याला टोक नसायचं. सूर चमकवणारं बटण जवळजवळ बंद, आवाजाचं बटण अर्ध्यावर. हळू छेडलं तर आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि जोरात ओढलं तर तोच आवाज कडेला किंचित फाटायचा, नवं कापड फाडताना सुरुवातीला होतो तसा. तो फाटका आवाज ते फार जपून वापरत. गाण्यात एकदा, फार तर दोनदा. शिवाय ढोलकीच्या थापेच्या ते केसभर मागे असत. आधी मला वाटायचं, चुकतायत. मग लक्षात आलं की त्या केसभर जागेत गाणाऱ्या बाईला श्वास घ्यायला मिळतो. रॉक म्हणजे दणदणाट असं मी कॉलेजात ऐकून होतो. नानांनी त्या कॅसेटमधून दणदणाट सोडून बाकीचं सगळं घेतलं होतं.

फडाचे मॅनेजर मारुतीअण्णा त्यांची सारखी टिंगल करायचे. मी एकदा हजर होतो. अण्णा म्हणाले, "पोपट, तुझी गिटार खरी हाय का फोटूतली रं? हात हलतोय, आवाज कुटंय?" सगळे हसले. नानाही हसले. म्हणाले, "मी थांबलो ना अण्णा, मग कळंल तुमाला काय गेलं ते."

मला वाटतं, त्यांचा त्यावर खरंच विश्वास होता.

मी कॉलेजात गेलो तसा मीही गिटारला हात लावला. पावसाळ्यात फड बंद असतो तेव्हा नाना मला गिटार न्यायला द्यायचे. माझा हात कॉलेजच्या पोरांसारखा, पत्तीने खाडखाड वाजवायचा. नाना बोटांचं दाखवायला बसायचे आणि दहा मिनिटांत माझी बोटं हुळहुळायची. आमच्या घरातला मी पहिलाच कॉलेजात गेलेला. त्याचं नानांना कौतुक इतकं, की ते लगेच म्हणायचे, "राहू दे, तुझी लिहायची बोटं हायती." आणि मी राहू द्यायचो.

दहावा झाला, सुतक फिटलं, आणि दुसऱ्याच दिवशी अण्णा घरी आले. डोळे पुसले, चहा घेतला, मग हळूच विषय काढला. तीन गावांच्या सुपाऱ्या घेतलेल्या होत्या. "यात्रा काय आपल्यासाठी थांबत न्हाई. पोराला हात हाय म्हणं. पेपरबी संपलेत. तेवढी तीन गावं निभावून द्या." मी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणजे नानांची बायको. त्यांनी आतून गिटार आणली, पदराने पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. "आडवी पडून गंजण्यापरीस जाऊ द्या हिला," एवढंच म्हणाल्या.

पहिलं गाव निमगाव सावाच्या बाजूचं होतं. नानांच्या जागेवर, ढोलकीवाल्याच्या डाव्या हाताला, मला बसवलं. बोटांनी वाजवायचा प्रयत्न पहिल्याच गाण्यात फसला, म्हणून खिशातली पत्ती काढली. बटणं सगळी पुढे सरकवली. भीती वाटली की आवाज पोचायचाच नाही. पोचला. अण्णा विंगेतून मान डोलावत होते. कुणी थांबलं नाही, कुणी वळून पाहिलं नाही, बाईंनी गाताना एकदाही अडखळल्याचं दाखवलं नाही. नाना थांबले होते आणि कुणालाच काही कळलं नव्हतं... मला वाटलं होतं की निदान ढोलकीवाला तरी काही बोलेल. तो म्हणाला, "झकास, पावणं. कडक वाजतंय."

सकाळी हजेरी झाली. मी तीच पत्ती, तसाच चकचकीत आवाज लावला. दुसरं गाणं संपलं आणि पुढे बसलेल्या एका फेटेवाल्या बाबांनी हात वर केला. माइकवरून पुकारा झाला, "गिटारवाल्या पोराला नारळ-टॉवेल!" माझ्या खांद्यावर टॉवेल पडला, हातात नारळ आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं हजेरीला जात आलो, पण नानांच्या खांद्यावर टॉवेल पडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या बाबांचा काही दोष नाही. त्यांना मनापासून आवडलं होतं. पण त्या टाळ्या चालू होत्या तोवर माझी मान वर झाली नाही. लोकांना वाटलं असेल, पोरगं लाजाळू आहे.

घरी आलो आणि नारळ-टॉवेल काकूंपुढे ठेवला. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. की मला बरं वाटावं म्हणून ठेवला, नक्की सांगता येत नाही. काकूंनी टॉवेलाची घडी उलगडून पाहिली. मग म्हणाल्या, "यान्ला कवा मिळाला व्हता का रं?"

"नाही."

"मंग तू वाजवलंस तरी काय?"

मी गाण्याचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाजव बरं हितं." काकू आयुष्यात तमाशाला गेलेल्या नाहीत. आमच्याकडे घरच्या बायका जात नाहीत. त्यांनी नानांना ऐकलं ते घरातच, ॲम्प न लावता, त्या गिटारच्या नुसत्या तारांचा रातकिड्यासारखा बारीक आवाज, जोरात ओढलं की जरासा फाटणारा. मी पत्ती काढली आणि हजेरीतलं गाणं वाजवलं. कडव्यापर्यंत पोचलो असेन. काकूंनी हाताने थांब म्हणून सांगितलं. रागावल्या नव्हत्या. "चांगलं वाजवतोस. पर त्यांचं न्हाई ह्ये," म्हणाल्या, आणि उठून चुलीकडे गेल्या.

दुसऱ्या गावी जायच्या आदल्या दिवशी अण्णा खुशीत आले. माझ्यावर पुढच्या सबंध हंगामाचा त्यांचा डोळा होता. "पोरा, दसऱ्यापासनं पक्कं येतोस का? लोकान्ला आवडलंय. असाच खणखणीत आवाज ठेव." मी खूप अडखळत त्यांना सांगितलं की उरलेली दोन गावं करतो, पण हजेरीला नानांसारखं वाजवायचा प्रयत्न करणार, बोटांनी, बटणं मागे घेऊन. अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "आरं खुळ्या, मंग तुला नारळ कोण देणार?" मी म्हटलं, "नका देऊ." ते जायला उठले. मग म्हणाले, "पोपट बी असाच येडा व्हता." हे त्यांनी टिंगलीत म्हटलं नाही, असं मला वाटलं. पण माझा कल तसं ऐकण्याकडेच आहे, हेही कबूल करतो.

दोन्ही हजेऱ्या झाल्या. वाईट झाल्या. बोटं वेळेवर पडत नव्हती, दोनदा सूर मेला, बाईंनी एकदा वळून पाहिलं. टाळ्या ढोलकीला पडल्या. मी मात्र मान वर ठेवून बसू शकलो. नानांचा आवाज टिकवायला कॅसेटही नाही. यात्रांचे व्हिडिओ शूटिंगवाले असतात, त्यांच्याकडे जाऊन मी टेपा पाहिल्या. नाचणारीचे पाय दिसतात, ढोलकी ऐकू येते, एका टेपेत कोपऱ्यात नानांचं कोपर हलताना दिसतं. बाकी काही नाही. म्हणजे तो आवाज आता कुठे असेल तर ज्यांनी लक्ष देऊन ऐकला त्यांच्या कानात, आणि अशी माणसं मला दोनच माहीत आहेत. काकू आणि मी. आणि मी शेवटच्या हजेरीला गेलो नाही.

सध्या सुट्टीत मी नानांच्या खोलीत रोज बसतो. गिटारवर तारांच्या खाली एका जागी पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालंय, बोटाच्या टोकाएवढा खळगा पडलाय. वाजवताना नाना तिथे करंगळी टेकवत. पहिल्यांदा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. मग एकदा सहज माझी करंगळी तिथे ठेवली, तर सगळा पंजाच वळला. अंगठा आपोआप जाड तारांवर आला, दोन बोटं बारीक तारांवर. त्या जागी हात ठेवला की पत्ती धरताच येत नाही. मी तसा हात ठेवून, ॲम्प न लावता वाजवतो. बोटांना फोड येतात, फुटतात, पुन्हा येतात.

भिंतीपलीकडे चूल आहे. संध्याकाळी काकू भाकऱ्या थापत असतात आणि मी तेच कडवं पुन्हा पुन्हा वाजवत असतो.  थापेचा आवाज चालू असतो. काल एका जागी, अंगठा चालता ठेवून मी वरची तार जरा जोरात ओढली, आवाज कडेला किंचित फाटला... आणि पलीकडची थाप थांबली. बराच वेळ थांबली. बरोबर आलं म्हणून थांबली की चुकलं म्हणून, ते मी उठून विचारलं नाही. तेवढीच जागा पुन्हा वाजवली.