पिकू दे म्हणालो मी

आई कडक भाकरी थापायची. पापडाइतकी पातळ, चार-चार दिवस टिकणारी. दुकानदार सकाळीच चवड न्यायला यायचा. तिचा हात इतका बसलेला, की नजर कमी होत गेली तरी भाकरीची कड कधी जाड झाली नाही. म्हणून आम्हाला कळलंच नाही, असं मी लोकांना सांगतो. ते खोटं आहे.

बाजूला ठेवलेली पाण्याची वाटी तिच्या हातानं कलंडायची. दाराच्या चौकटीला खांदा घासायचा. मी खेकसायचो, "लक्ष कुठं असतं तुझं?" एकदा ती म्हणाली, "डोळं दाखवून येऊ का रं? लई धुरकट दिसतंय." मी मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. बुबुळात पांढुरकं दिसलं. मोतीबिंदू! आजोबांचा पुरता पिकल्यावरच काढला होता, तेव्हापासून घरात तोच रिवाज. मी ऐटीत म्हणालो, "कच्चा आहे अजून. पिकू दे की." वर्षभरानं तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. घरात शिकलेला मी एकटा, त्यामुळं माझा शब्द शेवटचा.

शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोतीबिंदू आहेच, पण सोबत काचबिंदूही आहे. आतल्या दाबानं नस सुकलीय. डावा डोळा गेलाच. उजव्याची दोन्ही ऑपरेशनं एकदमच करू. मोतीबिंदू काढू, दाब उतरायला वाट करू. पण गेलेली नजर परत येणार नाही. उरलीय ती फक्त समोरची, तेवढी टिकवायची."

"आधी आलो असतो तर?" मी विचारलं. त्या कागदावर ऑपरेशनची तारीख लिहीत राहिल्या. मला कळायचं ते कळलं.

पट्टी निघाल्यावर आई समोर बघत राहिली. "उजेड लई हाय की," म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "केस पांढरं झालं रं तुजं. कवा?" मी उठून तिच्या बाजूला जाऊन बसलो, तर ती हाका मारायला लागली, "कुटं गेलास?" मी हातभर अंतरावर होतो.

दीड-दोन महिन्यांनी ती पुन्हा भाकऱ्यांना बसली. शेजारीण बघायला आली होती. तिलाही मोतीबिंदू सांगितलेला. "एवढा उशीर का केला, मावशी?" तिनं विचारलं. मी बाजूची पाण्याची वाटी उचलून आईच्या समोर ठेवत होतो. तसाच थांबलो.

"मीच भ्याले बाई ऑपरेशनला," आई म्हणाली. "पोरगं रोज म्हणायचं, चल, चल. मीच ऐकलं न्हाय. तू थांबू नगंस. उद्याच जा."

आईला इतकं धडधडीत खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. बोलता बोलता तिचा पिठाचा हात वाटीच्या जुन्या जागी चाचपडत होता. मी तो धरला आणि पाण्यापर्यंत नेला.